मायाक्का सर्व्हरचा भार ऐकते

मायाक्का सत्तावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसली. सोलापूर शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर. आठ बाहेरच्या लाइनी, एकशे दहा आतली कनेक्शनं, आणि त्यातला प्रत्येक नंबर तिच्या बोटांना पाठ. बाईला दिसत नव्हतं. सांगोल्याकडच्या एका माळरानावरच्या गावात, मेंढरांच्या वाड्यावर जन्मलेली ही पोर. चौथ्या वर्षी गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. आई सोनाबाईनं तिला सातव्या वर्षी एसटीत घालून सोलापूरच्या अंधशाळेत आणून सोडलं. तिथं ती ब्रेल शिकली, पुढं टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि तेविसाव्या वर्षी रुग्णालयाच्या नोकरीला लागली.

रुग्णालयात तिला सगळे अक्का म्हणत. नावातच अक्का असल्यावर वेगळं काय म्हणायचं. नुसत्या 'हॅलो'वरून ती माणूस ओळखायची. माणूस घाबरलेला असेल तर त्याला आधी नंबर विचारायची नाही, नाव विचारायची. नाव सांगताना माणसाचा श्वास जरा जाग्यावर येतो, असा तिचा अनुभव.

मग एका उन्हाळ्यात बोर्डच गेला. त्याच्या जागी रेकॉर्ड केलेला आवाज आला. अपघात विभागासाठी एक दाबा, बाह्यरुग्ण विभागासाठी दोन दाबा. मायाक्काची खुर्ची त्या खोलीतून उचलली आणि संगणक कक्षात एका कोपऱ्यात नेऊन ठेवली, कारण तिथं जागा रिकामी होती. तिच्यापुढं चौकशीचा एकच फोन राहिला. ज्यांना त्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं कळत नसे, असे म्हातारेकोतारे त्यावर येत. दिवसाला पंधरा-वीस. बाकी वेळ ती हात मांडीवर ठेवून बसून राही.

"आज काय केलंस?" घरी आल्यावर सोनाबाई विचारायची. मेंढरं विकल्यापासून म्हातारी लेकीजवळ कुमठा नाक्याच्या दोन खोल्यांत राहायला आली होती.

"बसले," मायाक्का म्हणायची.

"बसून बी पगार देत्यात नव्हं?"

"देत्यात की." यापुढं तिला बोलावंसं वाटत नसे. अजून सात वर्षं नोकरी होती, आणि तीही अशीच बसून काढायची होती.

संगणक कक्षात वैदेही नावाची एक मुलगी होती. अकलूजची, अठ्ठावीस वर्षांची, रुग्णालयाचे सगळे सर्व्हर तिच्या एकटीच्या गळ्यात. सर्व्हर म्हणजे ते मोठं यंत्र, ज्यावर केसपेपर, औषधं, तपासण्या, खाटा असं सगळं साठवलेलं असतं आणि रुग्णालयातली प्रत्येक खिडकी त्यालाच प्रश्न विचारत असते. वैदेहीला या यंत्राकडं लक्ष द्यायला वेळच मिळत नसे. तिसऱ्या मजल्यावर प्रिंटर अडकला की बोलाव वैदेहीला, डॉक्टर पासवर्ड विसरले की बोलाव वैदेहीला. ती धावत जायची आणि परत येईस्तोवर इकडं यंत्र मंदावलेलं असायचं.

एकदा ती खुर्चीत धपकन बसली आणि स्वतःशीच म्हणाली, "नुसतं कुणीतरी दर तासाला बघून सांगितलं असतं तरी पुरलं असतं."

"काय बघायचं असतं?" कोपऱ्यातून मायाक्कानं विचारलं.

"ते... पडद्यावरचं," वैदेही अडखळली. मायाक्का हसली. "अगं, मला दिसत नाही हे मला माहीत आहे. पण संगणक येतो मला. स्क्रीन रीडरचा कोर्स केलाय. पडद्यावरचं ते वाचून दाखवतं, मी ऐकते. पत्रं टाइप करते की."

दुसऱ्या कुणी असतं तर 'बघू नंतर' म्हणून विषय बदलला असता. वैदेहीनं खुर्ची ओढली आणि मायाक्काच्या शेजारी येऊन बसली. मायाक्का पुढं कितीतरी वेळा म्हणायची, त्या पोरीनं खुर्ची ओढल्याचा आवाज माझ्या अजून कानात आहे.

पहिला प्रयत्न फसला. सर्व्हरची तब्येत दाखवणारं एक रंगीत पान होतं, त्यात चढउताराच्या रेघा. मायाक्काच्या कानातला आवाज म्हणाला, "ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक." रेघेला शब्द नव्हते.

मग वैदेहीनं काळी खिडकी उघडली, जिथं चित्र नसतं, माऊस नसतो. आपण एक शब्द टाइप करायचा, एंटर दाबायचं, यंत्र अक्षरांत उत्तर देतं. तिनं आधी 'टॉप' नावाची आज्ञा दिली. पण तिचा आकड्यांचा तक्ता दर तीन सेकंदांनी स्वतःच बदलतो. वाचणारा आवाज पहिली ओळ संपवायच्या आत दुसरी सुरू करायचा आणि बोबडी वळल्यासारखा अडखळायचा. मायाक्कानं कानावरचा हेडफोन काढून ठेवला. "हे तर दहा जण एकदम फोनवर बोलतायत."

"थांबा अक्का, आणखी एक आहे." वैदेहीनं 'अपटाइम' टाइप केलं. एकच ओळ आली आणि थांबली. यंत्र किती दिवस चालू आहे ते, आणि शेवटी तीन आकडे. आवाजानं ते शांतपणे वाचले. शून्य पॉइंट चार, शून्य पॉइंट सहा, शून्य पॉइंट पाच.

"हा भार," वैदेही म्हणाली. "पहिला आकडा गेल्या एका मिनिटाचा, दुसरा पाच मिनिटांचा, तिसरा पंधरा मिनिटांचा. किती कामं चालू आहेत आणि किती रांगेत थांबलीत, त्याची सरासरी. आपल्या यंत्राला आठ कोर आहेत, म्हणजे ते एका वेळी आठ कामं करू शकतं."

मायाक्कानं बोटांवर मोजलं. "म्हणजे आठ लाइनी."

"काय?"

"आठ लाइनी आहेत. आकडा पाच असेल तर पाच जण बोलतायत, तीन लाइनी मोकळ्या. आठ असेल तर बोर्ड भरला. बारा असेल तर आठ बोलतायत आणि चार होल्डवर ताटकळतायत. आणि पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर गर्दी वाढत चालली आहे. लहान असेल तर ओसरतीय. बरोबर का?"

वैदेहीनं नंतर मायाक्काला सांगितलं, की हेच तिला कॉलेजात कळायला एक आख्खं सत्र गेलं होतं.

त्या दिवसापासून मायाक्काला काम मिळालं. वैदेहीनं तिच्यासाठी एक छोटी आज्ञा बनवली आणि तिला नाव दिलं 'भार'. चार अक्षरं इंग्रजीत टाइप केली की आधी तीन आकडे यायचे आणि मग त्या घटकेला प्रोसेसरला सगळ्यात जास्त राबवणाऱ्या पाच प्रोग्रॅमची नावं, कुणाच्या खात्यातून चालू आहेत त्यासकट. यंत्रात काही बदलायची परवानगी मायाक्काला नव्हती. तिनं फक्त ऐकायचं आणि आकडा आठाच्या वर गेला की वैदेहीला फोन करायचा. सकाळी आठ ते चार, दर अर्ध्या तासाला. ब्रेलच्या पाटीत जाड कागद घालून ती वेळ आणि आकडे टोचून ठेवी. महिन्याभरात कागदांची एक चळतच झाली.

संध्याकाळी सोनाबाईचा प्रश्नही बदलला. "आज मशीन कसं हाय?"

"दुपारी जरा दमलं होतं."

"मग?"

"मग वैदेहीला सांगितलं. तिनं बघितलं. बरं झालं."

"पोरगी गुणाची हाय," म्हातारी म्हणायची, आणि भाकरी थापायला लागायची.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर मात्र एक त्रास मागं लागला. सकाळी दहा वाजले की सगळीकडचे संगणक चिकटल्यासारखे चालायचे. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग पायऱ्यांपर्यंत जायची. दुपारी एकपर्यंत आपोआप सुरळीत व्हायचं. मायाक्का रोज फोन करायची, वैदेही रोज रंगीत रेघ बघायची. रेघ गर्दीच्या वेळीच चढत होती. सगळ्यांनी ठरवून टाकलं, पेशंट वाढले, यंत्र लहान पडतंय. कार्यालय अधीक्षक गुरुशांत सर शिस्तीचे आणि भल्या मनाचे गृहस्थ होते. त्यांनी नव्या सर्व्हरचा प्रस्ताव तयार करायला घेतला.

मायाक्काला यात काहीतरी खटकत होतं. टोचलेल्या कागदांवरून बोट फिरवलं की आकडा नऊनंतर लगेच चढायला लागलेला सापडायचा, आणि पेशंटची खरी गर्दी तर दहाला व्हायची. पण आपण कालपरवा शिकलेल्या, आपण काय सांगावं, म्हणून ती गप्प राहिली.

जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या मोठ्या जत्रेची सुट्टी आली. बाह्यरुग्ण विभाग बंद, कार्यालय बंद, निम्मं सोलापूर जत्रेत. वैदेही संक्रांतीला अकलूजला गेलेली. मायाक्कानं मात्र ड्यूटी मागून घेतली होती. सुट्टीच्या दिवशी चौकशीचा फोन कुणीतरी घ्यायला हवा, आणि तिला जत्रेच्या कलकलाटापेक्षा ती शांत खोली बरी वाटायची.

साडेनऊला अपघात विभागातून सिस्टरचा फोन आला. "अक्का, बार्शी रस्त्याकडच्या एका गावातनं बाळंतपणाची बाई आणलीय, आणि केसपेपर उघडेना. नुसतं चक्र फिरतंय. मी हातानं लिहून घेतलंय, पण तिचे आधीचे रिपोर्ट बघायचेत डॉक्टरांना."

"मी बघते," मायाक्का म्हणाली आणि स्वतःच्याच शब्दावर थबकली. मग तिनं 'भार' टाइप केलं.

सहा पॉइंट नऊ. पाच पॉइंट सात. तीन पॉइंट आठ.

तिनं पुन्हा ऐकलं. रुग्णालयात आज माणूस नाही. खिडक्या बंद आहेत. मग या जवळजवळ सात लाइनींवर बोलतंय कोण? आणि अजून वाढतंच चाललंय. पुढची पाच नावं तिनं कान देऊन ऐकली. एरवी तिथं सरमिसळ असायची, एक डेटाबेस, एक केसपेपर, एक औषधांचं, त्यात एखादा बेड रिपोर्ट हरवून जायचा. आज पाचही नावं एकच होती. बेड रिपोर्ट. बेड रिपोर्ट. बेड रिपोर्ट. बेड रिपोर्ट. बेड रिपोर्ट. आणि प्रत्येकाच्या आधी खात्याचं नाव, ते इंग्रजी वळणाचा आवाज चमत्कारिक उच्चारात वाचायचा, पण ते ओळखू न येण्याइतकं काही चमत्कारिक नव्हतं. व्हायडेही. व्हायडेही. व्हायडेही.

मायाक्कानं कीबोर्डवरून हात काढून घेतले.

ती तशी बराच वेळ बसली असं तिला वाटलं. घड्याळाच्या हिशेबानं दोनच मिनिटं झाली असतील. तीन महिने जो दोष गर्दीवर गेला, तो वैदेहीच्या प्रोग्रॅमचा होता. ज्या पोरीनं आपल्याला मांडीवरचे हात उचलायला लावले, तिचंच नाव आपल्या तोंडून निघणार. न सांगून चालेल का? आज ना उद्या नवं यंत्र येईल, थोडे दिवस बरं चालेल, कुणाला काही कळणार नाही. मग तिला सिस्टरचा आवाज आठवला, आणि पलीकडं कळा देत असलेली ती बाई. तिनं फोन उचलला आणि बोटांना पाठ असलेला नंबर फिरवला.

"वैदेही, सुट्टीत त्रास देते. भार सातावर गेलाय. पेशंट नाहीत. पाचही नावं बेड रिपोर्टची आहेत, आणि तुझ्या खात्यातून."

पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. कुणीतरी दार लावलं.

"पूर्ण यादी ऐकाल का अक्का? मी शिकवली होती ती मोठी आज्ञा."

मायाक्कानं ती टाइप केली आणि एकेक ओळ मोजत गेली. खात्री करायला तिनं यादी पुन्हा मागवली आणि पुन्हा मोजली. दुसरी मोजणी संपली तेव्हा दहाला पाच कमी होते.

"अकरा आहेत. सगळ्यात जुना नऊचा. मग नऊ पाच, नऊ दहा. दर पाच मिनिटांनी एक नवा सुरू होतोय, आणि जुना एकही संपलेला नाही."

वैदेहीनं मोठा श्वास सोडला. "दिवाळीच्या आधी मीच लावला होता. डॉक्टरांच्या राउंडसाठी, सकाळी नऊ ते अकरा, दर पाच मिनिटांनी खाटांचा तक्ता. तेव्हा चार सेकंदांत व्हायचा. दुसऱ्या दिवशी रजेवर जायचं होतं, गडबडीत लावला आणि विसरले. प्रत्येक वेळी तो सगळा जुना इतिहास चाळतो, इतिहास वाढत गेला, आणि आता आधीचा संपायच्या आत पुढचा सुरू होतो. एकमेकांचे पाय ओढतायत, आणि त्याच नोंदी अडवून धरल्यामुळं केसपेपर ताटकळतोय." ती थांबली. "अक्का, फोन ठेवू नका. मी लॅपटॉप उघडते. तुम्ही आकडे सांगत राहा."

अकलूजहून ती जोडली गेली. मायाक्का सोलापुरात बसून जुन्या सवयीनं, स्पष्ट आणि सावकाश आवाजात आकडे सांगत राहिली.

"अकरा पॉइंट दोन. दहा पॉइंट एक. आठ पॉइंट तीन."

"वेळापत्रकातून काढला. आता चालू असलेले बंद करते."

"थांब जरा. आता... चार पॉइंट सहा."

"आणि आता?"

"एक पॉइंट नऊ. तिसरा अजून आठाच्या आसपास आहे, पण तो मागून येतो. येईल खाली."

"येईल," वैदेही म्हणाली.

मायाक्कानं दुसऱ्या फोनवरून अपघात विभागाला विचारलं. केसपेपर उघडला होता, जुने रिपोर्ट दिसत होते. बाई ठीक होती. मुलगी झाली, हे तिला दुपारी कळलं.

पण वैदेहीनं फोन ठेवला नव्हता. "अक्का, गुरुशांत सरांना..."

"आधी तुला सांगितलं," मायाक्का म्हणाली. "पण सरांना सांगायला लागेल, पोरी. ते नवं यंत्र मागवायला निघालेत. तू सांगणार असशील तर मी बोलत नाही. तू नाही सांगितलंस तर मला बोलावं लागेल, आणि मला ते जड जाईल."

"मीच सांगते."

तिनं ते कसं सांगितलं, हे मायाक्कानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. सुट्टीनंतरच्या बैठकीत प्रस्ताव वाचायला सुरुवात झाली आणि वैदेही उभी राहिली. खुर्ची मागं सरकल्याचं मायाक्काला कळलं.

"सर, नवं यंत्र नको. चूक माझी होती. प्रोग्रॅम मी लावला, मोजमाप ठेवलं नाही, आणि तीन महिने मी गर्दीला दोष देत बसले. ही चूक अक्कांनी शोधली. मी रेघ बघत होते, त्या नाव ऐकत होत्या."

मायाक्काला स्वतःचं नाव असं चारचौघांत ऐकायची सवय नव्हती. तिचे कान तापले. गुरुशांत सर अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. विचारात पडले की मराठी शब्दांत अंतर ठेवून बोलायचे.

"वैदेही," ते म्हणाले, "रुग्णांचा वेळ गेला. याची नोंद होईल. तू स्वतः उभी राहून सांगितलंस, त्याचीही होईल." मग थोडं थांबून, "मायाक्का, तुम्हाला आधीपासून शंका होती का?"

"होती सर. आकडा नऊलाच चढायचा. पण मी बोलले नाही. मला वाटलं, मला काय कळतंय."

"पुढच्या वेळी बोला."

"बोलेन."

बैठक सुटल्यावर वैदेही तिच्याजवळ आली. मायाक्का तिचा हात चाचपून धरत म्हणाली, "मी तुझे आभार मानायला कधीची बसलेय. दोन वर्षं होतील. रोज वाटायचं, उद्या बोलू."

"माझे? अक्का, अकरा ठिकाणी माझं नाव वाचलंत तुम्ही."

"वाचलं. ते नाव माझ्या कानावर पडावं अशी सोयही तूच केली होतीस. दुसऱ्या कुणी मला आज्ञा शिकवली असती का? आणि शिकवली असती, तरी आपलं नाव दिसेल अशी बनवली असती का?"

वैदेहीनं तो हात बराच वेळ सोडला नाही.

मार्चमध्ये एक आदेश निघाला. गुरुशांत सरांनी तो मायाक्काला स्वतः आणून दिला, घडी घालून, लिफाफ्यात. काय लिहिलंय ते त्यांनी सांगितलं, पण जिन्यात कुणीतरी हाक मारत होतं, म्हणून घाईत सांगितलं. मायाक्का लिफाफा पिशवीत घालून घरी आली. आईनं तो उलटासुलटा केला. सोनाबाईला अक्षर येत नव्हतं आणि मायाक्काला दिसत नव्हतं. दोघी दारात आल्या. शेजारच्या अनसूयाबाई, निवृत्त शिक्षिका, कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा आणला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं. दूरध्वनी चालक श्रीमती मायाक्का यांच्याकडं आजपासून सर्व्हरच्या प्रोसेसर भाराचं नियमित निरीक्षण आणि त्याचा दैनिक अहवाल देण्याचं काम सोपवण्यात येत आहे. गेल्या दोन वर्षांत हे काम त्यांनी स्वतःहून केलं, त्याची नोंद घेण्यात येत आहे.

"म्हंजे काय वो बाई?" सोनाबाईनं विचारलं.

"म्हणजे तुमची लेक जे करत होती, तेच आता तिचं काम आहे. कागदावर."

म्हातारी उंबऱ्यावर बसली. पदराचं टोक तोंडाला लावलं. "हिला शाळंत सोडून मागं फिरले तवा लई रडली हुती," ती म्हणाली. "मी बी. माझं चुकलं का काय, आसं लई वर्सं वाटायचं."

"नाही चुकलं आई," मायाक्का म्हणाली.

"शेवटची वळ पुन्यांदा वाचा की बाई."

अनसूयाबाईंनी ती पुन्हा वाचली. मायाक्का चौकटीला टेकून ऐकत राहिली.